पंधरा दिवसांची चमक

कोकिळाचा फोन आला तेव्हा सदफ काट्यावर झिंक ऑक्साइड तोलत होती.

"ताई, जादू करी तू!" कोकिळा साक्रीहून ओरडून बोलत होती. तिच्यामागे वारा घोंघावत होता. "तोंड कसं चकचकीत हुई गयं. लाली नही, आग नही. सुगंधाबाईनं बी तसंच. मना नवरा इचारस, कोणता पार्लरमा गयती?"

सदफनं हातातला चमचा खाली ठेवला. "किती दिवस झाले लावायला?"

"पंधरा."

"आणि फरक कधीपासून वाटतोय?"

"तिसरा-चौथा दिनपाईनच."

कोकिळाला आणखी ट्यूब हव्या होत्या. सोलर प्लांटवरच्या बाकीच्या बायाही मागत होत्या. सदफ "बघते" म्हणाली आणि फोन ठेवला. दुसरी कोणी असती तर तिनं कारखान्यात पेढे वाटले असते. सदफनं मात्र तोलणं तिथंच थांबवलं. तिनं बनवलेलं क्रीम चार दिवसांत असं काही करूच शकत नव्हतं. ते चेहऱ्यावर बसायचं, ऊन परतवायचं, डाग झाकायचं आणि संध्याकाळी धुतलं की निघून जायचं. उन्हापासून आराम मिळाला की दोन-तीन महिन्यांत कातडी आपली आपण शांत होईल, एवढीच तिची अपेक्षा होती. चौथ्या दिवशी चमक येते ती वेगळ्याच गोष्टीनं. ती गोष्ट सदफला ओळखीची होती.

ती एकोणीस वर्षांची असताना तिच्या आईनं, ताजबीनं, बाजारातून एक ट्यूब आणली होती. पाहुणे महिन्याभरानं बघायला येणार होते आणि मुलगी सावळी होती. आठवड्यात सदफचा चेहरा उजळला. पाहुणे आले, बघून गेले, पुढं काही जमलं नाही. ट्यूब मात्र चालूच राहिली, कारण एक दिवस सोडली तरी गाल पेटायचे. सहा महिन्यांनी कातडी इतकी पातळ झाली की खालच्या लाल शिरा दिसायला लागल्या. जळगावच्या उन्हात मेहरूणच्या घरापासून कॉलेजपर्यंत जाणं म्हणजे तव्यासमोर तोंड धरणं होतं. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं हे शेवटी डॉक्टरांनी सांगितलं. बरं व्हायला दोन वर्षं लागली, आणि पुरतं बरं असं कधी झालंच नाही. सदफचे गाल आजही पटकन लाल व्हायचे, आणि बाजारातली बहुतेक क्रीमं लावली की झोंबायचं.

ती औषधनिर्माण शास्त्र शिकली ती त्याच रागानं. आणि आता तीस वर्षांची सदफ जळगावच्या एमआयडीसीत शालिग्राम भाऊंच्या कारखान्यात केमिस्ट होती. कारखाना टाल्कम पावडर, व्हॅसलीनसारखी जेली आणि शेव्हिंग क्रीम बनवायचा. दीड वर्ष मागं लागून तिनं भाऊंना एका नव्या मालासाठी राजी केलं होतं: उन्हापासून वाचवणारं आणि वर फाउंडेशनचंही काम करणारं एकच क्रीम, ज्यांच्या चेहऱ्याला काहीच सोसत नाही अशा बायांसाठी. त्यात अत्तर नाही, स्पिरिट नाही, जेवढे घटक कमी तेवढं चांगलं.

पहिल्याच नमुन्याला कोकिळानं नावं ठेवली होती. दोघींची ओळख झाली साक्रीच्या आठवडे बाजारात. सदफ तिथं लोक कोणती क्रीमं विकत घेतात ते बघायला गेली होती आणि कोकिळा एका फेरीवाल्याशी भांडत होती. त्यानं दिलेल्या ट्यूबनं तिची हनुवटी सोलून निघाली होती आणि तिला ती ट्यूब परत त्याच्याच तोंडाला फासायची होती. अडतीस वर्षांची, उंच, कोणाला न दबणारी बाई. ती सोलर प्लांटवर कामाला होती. सकाळी सोलरच्या काचेच्या पाट्या धुवायच्या, ऊन चढलं की रांगांमधलं गवत काढायचं. ऊन वरून यायचं तसं काचांवरून उलटून खालूनही यायचं. रुमाल बांधून उपयोग नसायचा. सदफचं पांढरं क्रीम लावून तिनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हाई काय? भिताडले चुना लावेल शे का?"

झिंकचा तोच दोष. गोऱ्या कातडीवर तो खपून जातो, सावळीवर राखेसारखा दिसतो. सदफनं मग त्यात लाल, पिवळे आणि काळे लोहाचे रंग घालून बघितले. कधी केशरी व्हायचं, कधी पिठासारखं. झिंक तेलात आधी नीट घोटून घेतला तर गुठळी होत नाही, हे कळायला चार महिने गेले. खानदेशातल्या बायांच्या रंगांशी जुळतील अशा चार छटा तयार झाल्या. सगळ्यात फिकी छटासुद्धा गव्हाळ होती. पंचेचाळीस अंशांच्या पेटीत तीन महिने ठेवून क्रीम फाटत नाही हे तिनं तपासलं. मग बारा बायांच्या कानामागं लावून पाहिलं. कोणालाही आग झाली नाही. शालिग्राम भाऊंनी दोनशे ट्यूबची चाचणी बॅच काढायला होकार दिला तो तेव्हा. चाळीस साक्रीला जाणार होत्या, वीस बायांना दोन-दोन; उरलेल्या डीलर लोकांना दाखवायला.

मिश्रण तयार झालं त्या दिवशी सदफनं भांड्यातून राखीव नमुना काढला, तपासला, बाटलीवर सही केली आणि बाटली आपल्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मामेबहिणीच्या लग्नाला तीन दिवस भुसावळला गेली. ट्यूब भरल्या गेल्या त्या तीन दिवसांत.

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं धुळ्याला आणि तिथून साक्रीला गेली.

प्लांटच्या फाटकाबाहेर बाभळीखाली बाया डबे सोडून बसल्या होत्या. कोकिळानं रुमाल काढला. सदफ बघत राहिली. हनुवटीवरचे चट्टे गेले होते. गाल तुकतुकीत, ताणलेले, मूळ रंगापेक्षा दोन छटा उजळ. सुगंधाबाईच्या कानशिलावर बारीक लव दाट झाली होती. अशी चमक सदफनं स्वतःच्या आरशात रोज पाहिली होती.

"अक्का, हे लावणं थांबवा," ती म्हणाली. "मला शंका आहे. तपासून सांगते."

बायांमध्ये हसू पिकलं. कोणाला वाटलं, ट्यूब संपल्या म्हणून ही बहाणा करतेय. कोकिळानं आपली अर्धी वापरलेली आणि सुगंधाबाईची न उघडलेली ट्यूब तिच्या हातात ठेवली. "तपास," ती म्हणाली. "पण आते सोडानं नही कोणी. तुले सांगी ठेवस."

जळगावला परतल्यावर सदफनं ट्यूबमधलं क्रीम आणि कपाटातल्या बाटलीतलं क्रीम काचेच्या पट्टीवर शेजारी शेजारी पसरलं. ट्यूबमधलं किंचित सैल होतं, किंचित फिकं. तिनं न उघडलेली ट्यूब आणि राखीव नमुन्याचा थोडा भाग नाशिकच्या एका प्रयोगशाळेला स्वतःच्या नावानं पाठवला. रोज सकाळी ती कोकिळाला फोन करून "थांबवा" म्हणायची. चौथ्या दिवसापासून कोकिळानं फोन उचलणं बंद केलं.

अहवाल दहा दिवसांनी आला. राखीव नमुन्यात काही नव्हतं. ट्यूबमध्ये क्लोबेटासोल होतं, स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जहाल.

शालिग्राम भाऊ केबिनमध्ये निमंत्रणपत्रिकांवर नावं लिहीत होते. पुढच्या पंधरवड्यात धुळ्याच्या एका हॉटेलात डीलरांचा मेळावा होता. सदफनं अहवाल समोर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"बस, बेटा."

"उभी बरी आहे, भाऊ. कोणी घातलं?"

"मीच घालायला लावलं." त्यांचा आवाज शांत होता. "तुझं क्रीम चांगलं आहे. पण ते काही करत नाही. बाई ट्यूब घेते, महिनाभर लावते, तोंड तसंच. पुन्हा कशाला घेईल? मी वीस वर्षं सायकलवर पावडरचे डबे विकलेत. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही. थोडंसं घातलं. बाजारात सगळेच घालतात."

"डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे ते. तुम्ही ते रोज, उन्हात, चेहऱ्यावर लावायला दिलं. डब्यावर लिहिलं नाही, मला सांगितलं नाही."

"त्या बायांना विचार ना! खूश आहेत की नाही?"

"मीही खूश होते," सदफ म्हणाली. "सहा महिने." आणि तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. रागानं तो लाल झालाच होता.

भाऊंनी नजर खाली केली. ते वाईट माणूस नव्हते असं सदफला तेव्हाही वाटलं, आणि म्हणूनच तिला जास्त चीड आली. मग त्यांनी सौदा मांडला. मेळावा होऊ दे. नंतर हळूहळू प्रमाण कमी करू. तिच्या चारही छटा बाजारात येतील, गोरं दिसण्यासाठी वेगळी फिकी छटा वगैरे काही नाही, तिला हव्या तशाच. डब्यावर तिचं नाव, 'डॉ. सदफ' सुद्धा लिहू.

"मी डॉक्टर नाही."

"लोकांना काय कळतंय!"

"ट्यूब परत मागवा, भाऊ. एकशे साठ कारखान्यातच आहेत. त्या नष्ट करा आणि साक्रीच्या बायांना खरं सांगा. नाहीतर मी सांगते. त्यांनाही आणि सरकारलाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"आजपासूनच नाही येत," ती म्हणाली. तिनं कपाटातून राखीव नमुन्याची बाटली घेतली. फाटकावर वॉचमननं पिशवी तपासली, बाटली बघितली आणि भाऊंच्या केबिनकडे पाहिलं. "माझी सही आहे तिच्यावर," सदफ म्हणाली. त्यानं जाऊ दिलं.

घरी अब्बांनी, डाळमिलमध्ये फिटर असलेल्या जहांगीरभाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यावर हात ठेवला. "एमआयडीसी एवढीशी आहे, बेटी. तक्रार केलीस तर दुसरा कोण ठेवील? नोकरी सोडलीस ना? तेवढं पुरे."

ताजबी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. "अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "तो दुकानदार अजून तिथंच बसतो. मी भाजी घ्यायला त्याच्यासमोरून जाते. एकदाही थांबून विचारलं नाही, माझ्या पोरीला काय दिलंस म्हणून." तिनं गॅस बंद केला. "तू जा. जिथं जायचं तिथं जा. मी बरोबर येते."

आणि ती खरंच आली. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात बुरखा सावरत बाकावर दोन तास बसून राहिली. तिथल्या अधिकारी बाईंनी अहवाल वाचला, तक्रार लिहून घेतली, बाटलीची नोंद केली. खाजगी अहवालावर कारवाई होत नाही, आम्ही आमचे नमुने घेऊ, आमच्या प्रयोगशाळेत तपासू, त्याला त्याचा वेळ लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. सदफनं मान डोलावली. पण साक्रीत रोज सकाळी वीस चेहऱ्यांवर ते क्रीम लागत होतं. त्याला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा साक्रीला गेली. या वेळी कोकिळाच्या घरी. अंगणात सुगंधाबाई आणि आणखी सात-आठ जणी जमल्या. सदफनं काही लपवलं नाही. काय घातलं, कोणी घातलं, पुढं काय होईल, सगळं सांगितलं. क्रीम सोडलं की तोंड लाल होईल, सुजेल, पुळ्या येतील, आग होईल. दोन आठवडे, कदाचित जास्त. पण जितकं उशिरा सोडाल तितकं ते वाईट होईल. धुळ्याच्या एका त्वचेच्या डॉक्टरांशी ती बोलून आली होती. ते सगळ्यांना तपासायला तयार होते. तिनं फोनमध्ये जपून ठेवलेला स्वतःचा विसाव्या वर्षीचा फोटो दाखवला. बायांनी तो हातोहात फिरवला.

मग कोकिळा उठली.

"तू सांगस लावा, आमी लावतस. तू सांगस सोडा, आमी सोडतस. आमी काय तुना उंदीर शेतस का?"

"नाही, अक्का."

"मंग तुना शेठनी टाकं तवय तू कुठे व्हतीस?"

"लग्नाला गेले होते. भरताना मी तिथं उभी राहायला पाहिजे होतं. ती चूक माझी."

कोकिळाला बहुधा दुसरं काही उत्तर अपेक्षित होतं. ती पुन्हा खाली बसली. मग म्हणाली की शालिग्राम भाऊंचा माणूस परवाच येऊन गेला. धुळ्याच्या मेळाव्यात तिला मंचावर उभं करणार आहेत. आधीचा फोटो आणि आत्ताचं तोंड, दोन्ही दाखवणार आहेत. जीप पाठवणार आहेत. "आयुष्यमा पहिली वार कोणी माले म्हनं का तुनं तोंड दखाडानं शे," ती म्हणाली. "आते तू सांगस ते बी खोटं."

सदफनं डॉक्टरांचा पत्ता कागदावर लिहिला, तो कोकिळाच्या हातात दिला आणि ती बसस्टँडकडे निघाली. मागून कोणी हाक मारली नाही.

मेळाव्याच्या दिवशी सदफ धुळ्याला गेली ती अहवालाच्या पन्नास झेरॉक्स प्रती घेऊन. हॉटेलच्या दारात तिला अडवलं गेलं. यादीत नाव नव्हतं. ती दाराबाहेरच उभी राहिली आणि आत जाणाऱ्या प्रत्येक डीलरच्या हातात कागद देऊ लागली. काहींनी तो जाहिरात समजून खिशात घातला. नंदुरबारहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थांबून पूर्ण वाचला आणि विचारलं, "हे खरं आहे?"

"खोटं असेल तर माझ्यावर खटला घाला. खाली नाव आणि फोन नंबर आहे."

आतून एकजण तिला हुसकायला आला. "मी रस्त्यावर उभी आहे," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.

तेवढ्यात जीप आली. कोकिळा उतरली. नवं जांभळं लुगडं, पायांत नव्या चपला, आणि तोंडाला डोळ्यांपर्यंत घट्ट बांधलेला रुमाल. उन्हातून आलेल्या बाईच्या तोंडाला रुमाल असण्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. ती सदफच्या समोरून गेली. तिनं मान वळवली नाही. सदफला वाटलं, झालं, संपलं.

दार उघडंच होतं. शालिग्राम भाऊंचा आवाज माइकवरून बाहेर येत होता. त्यांनी कोकिळाचा जुना फोटो पडद्यावर दाखवला, सोललेल्या हनुवटीचा. "आणि आता बघा," ते म्हणाले, "फक्त पंधरा दिवसांची चमक!" टाळ्या वाजल्या. कोकिळा मंचावर चढली. तिनं मानेमागची गाठ सोडली.

टाळ्या तुटक तुटक होत थांबल्या.

तिचा चेहरा सुजलेला होता. दोन्ही गालांवर लालभडक चट्टे, त्यांवर पिवळसर पुळ्या, डोळ्यांखाली कातडीचे पापुद्रे सुटलेले. शालिग्राम भाऊ माइक आपल्याकडे ओढू लागले तेव्हा तिनं तो घट्ट धरून ठेवला.

"दखा," ती म्हणाली. "बठ्ठा दखा. हाई मनं तोंड शे. मलम लावं तवय चमकनं. सोडं ते जयनं. बारा दिन हुई गयात सोडाले."

"ही ॲलर्जी आहे," भाऊ म्हणाले. "दुसरं काहीतरी लावलं असेल."

"दुसरं काहीच लावं नही. डाक्टरनी चिठ्ठी शे मनाजोडे." तिनं कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "हाई मलममा औषध टाकेल शे. डाक्टरले न इचारता लावानं नही, असं औषध. माले कोणी सांगं नही. एक सदफताईनी सांगं, ते मी तिनावरच भांडनू."

तिचा आवाज तिथं फुटला. तिनं गाल पुसायला हात उचलला आणि झोंबेल म्हणून तसाच खाली घेतला. मग पुढच्या रांगेतल्या माणसांकडे बोट करून म्हणाली, "तुमना घरमा बाया शेतस ना? त्यासले लावा पहिले. मंग इका."

नंदुरबारच्या म्हाताऱ्यांनी खिशातला कागद काढून शेजाऱ्याला दिला. मग हॉलभर कागद उघडल्याचा आवाज सुरू झाला. ज्यांनी बाहेर घेतला नव्हता ते आता दाराशी येऊन मागू लागले. प्रती कमी पडल्या.

कोकिळा मंचावरून उतरली आणि सरळ बाहेर आली. जीपवाल्यानं तिला परत न्यायला नकार दिला. दोघी बसस्टँडपर्यंत चालत गेल्या. रस्त्यातली माणसं वळून वळून बघत होती. सदफ म्हणाली, "रुमाल बांध, अक्का, ऊन लागेल."

"नही बांधत," कोकिळा म्हणाली. "दखू दे."

मात्र चौकात आल्यावर ती सदफच्या छत्रीखाली आली.

साक्रीतल्या बायांनी एकेक करून ट्यूब सोडली. सोपं नव्हतं ते. कोणी चार दिवसांनी पुन्हा लावायची आणि पुन्हा रडायची. दोघींनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. दर सोमवारी सदफ पाच-सहा जणींना घेऊन धुळ्याच्या डॉक्टरांकडे जायची. ताजबी डबा करून द्यायची, कधी स्वतःही यायची, आणि आग होणाऱ्या बायांच्या गालांवर ओली फडकी ठेवत बसायची. सुगंधाबाईनं तिला एकदा विचारलं, "तुमी बी लावं व्हतं का?" ताजबी म्हणाली, "मी लावलं नाही. मी आणून दिलं." त्यानंतर त्या दोघी सोबतच बसायला लागल्या.

एप्रिलमध्ये प्रशासनाची माणसं कारखान्यात गेली, नमुने घेतले, माल सील केला. जूनमध्ये परवाना निलंबित झाला. शालिग्राम भाऊंनी वकील लावला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि खटला अजून चालू आहे. कारखान्यातल्या दोन बायांनी सदफला रस्त्यात गाठून आमचं काम तुझ्यामुळं गेलं असं सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. त्यांना देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, आणि माफी मागण्यासारखंही तिनं काही केलं नव्हतं.

अब्बा म्हणाले होते तसंच झालं. जळगावात चार ठिकाणी मुलाखत झाली. जुनी नोकरी का सोडली हा प्रश्न आला की ती म्हणायची, "सोडली, आणि मग तक्रार केली." पाचव्या ठिकाणी, धुळ्याला, भाईदास नानांनी हे ऐकलं आणि चहा मागवला. सत्तरीचे नाना लहानशा युनिटमध्ये कॅलामाइन लोशन आणि खरजेचं मलम बनवायचे. "यंत्र जुनं आहे," ते म्हणाले. "पगार जळगावएवढा नाही मिळायचा. तुझी काही अट?"

"भांड्यापासून ट्यूब बंद होईपर्यंत मी हजर असेन. मी नसेन त्या दिवशी भरणं बंद."

"आणि तू आजारी पडलीस तर?"

"तर बंद."

नानांनी तक्रार केली नाही. नव्या परवानगीला पाच महिने लागले. पहिली बॅच फसली. जुन्या यंत्रात झिंकच्या गुठळ्या राहिल्या. बोटावर वाळूसारखं लागायचं. नाना म्हणाले, पायाच्या भेगांचं मलम म्हणून खपवता येईल. सदफनं कचऱ्याचा पिंप ओढून आणला. "बरं बाई," नाना म्हणाले, आणि सगळं फेकून दिलं.

दुसरी बॅच जमली. तिनं ती साक्रीला नेली तेव्हा वीसपैकी सतरा बायांनी हात जोडले. पुन्हा कोणतंच क्रीम नाही, ताई, तू चांगली असलीस तरी नाही. सदफला वाईट वाटलं, पण तिनं आग्रह केला नाही. नाही म्हणण्याचा त्यांना हक्क होता, आणि तो त्यांनी फार महागात कमावला होता.

सुगंधाबाई आणि आणखी एकजण "बघू" म्हणाल्या. तिसरी कोकिळा. तिचे गाल आता शांत होते, मूळच्या गडद रंगाचे. हनुवटीवर एक फिकट डाग कायमचा राहिला होता. तिनं ट्यूब हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत दिली.

"हाई नको. पुढली भरशी तवय माले बलाव. मी दखसू, मंग लावसू."

पुढची बॅच भरायची त्या दिवशी ती सकाळी सातला साक्रीहून निघाली आणि साडेनवाला नानांच्या दारात हजर झाली. तिला पांढरा डगला दिला, केसांवर जाळीची टोपी घातली. टोपी तिच्या अंबाड्यावर बसेना, तेव्हा तिनं अंबाडा सोडून वेणी घातली. ती भांड्याजवळ उभी राहिली आणि आत जाणाऱ्या प्रत्येक डब्याकडे बोट करून विचारू लागली, हे काय, हे कशाला, हे नाही घातलं तर काय होतं. सदफ सांगत होती. नानांच्या हातात एक बरणी दिसली तेव्हा कोकिळानं त्यांची वाट अडवली.

"नाना, हाई काय शे?"

"अगं, माझं चूर्ण आहे. जेवणानंतरचं."

"बाहेर ठेवा," कोकिळा म्हणाली.

नाना बरणी घेऊन बाहेर गेले. सदफनं यंत्र सुरू केलं.